सत्कारानंतरची सभा

(कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सत्काराला आपली माणसं कशी जमतात ते तुम्हाला सांगायला नको. इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बोर्ड मीटिंगमध्येही, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या बैठकीतही, तसंच होतं. सुरुवातीला 'रेकग्निशन'चा कार्यक्रम असतो. गणिताच्या स्पर्धेत पहिली आलेली मुलं, वर्षातले उत्तम शिक्षक, निवृत्त होणारे कर्मचारी अशी नावं पुकारली जातात. बोर्डाचे सदस्य मंचावरून खाली उतरतात, हस्तांदोलन होतं, प्रमाणपत्र हातात देऊन फोटो काढला जातो. सभागृह गच्च भरलेलं असतं. दिवाळीनिमित्तचा ठराव असेल त्या दिवशी तर आपले झब्बे आणि साड्याही दिसतात.

हा वेळ वाया जातो, असं म्हणणारे लोक भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. एका बैठकीत शाळेपुढच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून देणारे क्रॉसिंग गार्ड निवृत्त होत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आज कोण शाळेत आलं नाही हे हजेरीच्या आधी यांना कळतं. ते गृहस्थ ड्यूटीचं पिवळं जाकीट घालूनच आले होते. फोटोसाठी ते काढू का, असं त्यांनी विचारलं, तर पहिल्या रांगेतली मुलं एकदम 'नको' म्हणाली. सगळं सभागृह उभं राहिलं. बसचालक, भोजनगृहातल्या बायका, रात्री वर्ग झाडणारा माणूस, यांच्यावर शाळा चालते. गावाने त्यांचं नाव घ्यायलाच हवं.

मला खटकतं ते त्यानंतरचं. फोटो झाले की लोक उठतात. मुलांचा गृहपाठ असतो, उद्या ऑफिस असतं, हे मलाही कळतं. पण पुढच्या विषयाला बोर्डासमोर जेमतेम दहा-बारा माणसं उरतात, आणि त्या विषयात पुढच्या वर्षी किती समुपदेशक ठेवायचे हे ठरत असतं.

बोर्डाच्या हातात किती असतं? १९५४ च्या 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या निकालाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं बोर्ड म्हणजे कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावचं स्कूल बोर्ड. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत पाठवणाऱ्या अशा गावोगावच्या बोर्डांविरुद्ध पालकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आपल्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. आपल्याला मत नाही, मग तिथे जाऊन करायचं काय, हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. मत नाही हे खरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला, पण तो अपवाद. बोलण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन ॲक्ट आहे. हे ब्राऊन वेगळे, राल्फ ब्राऊन नावाचे विधानसभा सदस्य. या कायद्यानुसार नेहमीच्या बैठकीचा अजेंडा निदान ७२ तास आधी लावावा लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं. नागरिकत्व कुणी विचारत नाही. नुसतं बसून ऐकायचं असेल तर नाव नोंदवायचीही सक्ती करता येत नाही.

बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात, गर्दी असेल तर कमी. आपण मनापासून बोलतो, समोरचे पाच-सात जण मान डोलावतात आणि अध्यक्ष पुढचं नाव पुकारतात. पहिल्यांदा गेलेल्या पालकांना हा अपमान वाटतो. एक आई मला म्हणाली, "ताई, भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं." पण अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा करायला किंवा निर्णय घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. सभागृहात नसलेल्या लोकांच्या पाठीमागे काही ठरू नये म्हणून ही तरतूद आहे. म्हणून विषय अजेंड्यावर आणणं महत्त्वाचं. राज्याच्या शिक्षण कायद्यानुसार डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय अजेंड्यावर घ्या, असं सामान्य माणूसही लेखी मागू शकतो. त्याची रीत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या नियमांत दिलेली असते.

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. इथल्या बोर्डावर पालकांसाठी अशा राखीव जागा नाहीत. त्यामुळे ही तीन मिनिटं सोडून चालणार नाही.

वर्षातले दोन काळ विशेष लक्षात ठेवा. एक फेब्रुवारी-मार्च. शिक्षक कमी करायचे असतील तर त्यांना प्राथमिक नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते, म्हणजे त्याचा ठराव त्याआधी बोर्डापुढे येतो. एप्रिलमध्ये जागे होऊन उपयोग नाही. दुसरा जून. अंदाजपत्रक आणि त्यासोबतचा तीन वर्षांचा आराखडा १ जुलैच्या आत मंजूर व्हावा लागतो. त्यावरची जाहीर सुनावणी एका बैठकीत आणि मंजुरी नंतरच्या वेगळ्या बैठकीत होते. बोलायचं ते सुनावणीला. मंजुरीच्या दिवशी बहुतेक ठरलेलं असतं.

मराठीचाही प्रश्न इथेच येतो. दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या बारावीच्या मुलांना 'सील ऑफ बायलिटरसी' देण्याचा कायदा २०११ मध्ये सर्वांत आधी कॅलिफोर्नियाने केला. डिप्लोमावर ती मोहोर उमटते. पण यात सहभागी व्हायचं की नाही हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. आपल्या मुलांना मराठीसाठी ती मिळवायची तर त्यांची परीक्षा कशी घेणार, हे बोर्डाला विचारायला कुणीतरी उभं राहिलं पाहिजे.

बैठक मंगळवारी असेल तर अजेंडा बहुधा शुक्रवारी लागतो. रविवारी मुलं मराठी शाळेच्या वर्गात असतात तेव्हा आपण बाहेर व्हरांड्यात तासभर चहा घेत थांबलेलो असतो. या रविवारपासून तिथे अजेंडा छापून ठेवते. सगळ्यांनी मिळून वाचू आणि मंगळवारी शेवटपर्यंत कोण थांबणार ते तिथेच ठरवू. शिवाय पुढच्या सत्कारासाठी आपल्या शाळेतल्या कुणाचं नाव सुचवायचं, तेही.