एक ज्वालामुखी, दोन माहितीपट

नमस्कार श्रोतेहो.

वाचनालयात नव्या पुस्तकांच्या कपाटापाशी सगळेच थबकतात. माहितीपटांच्या डीव्हीडी ठेवलेल्या असतात, तिकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. आज तुम्हाला तिकडे घेऊन जायचा विचार आहे. २०१८पासून आलेल्या काही माहितीपटांबद्दल बोलेन, आणि ते घरी न्यायचे तर काय बघून न्यायचे, तेही सांगेन.

सुरुवात ज्वालामुखीपासून करू. कातिया आणि मोरीस क्राफ्त हे फ्रेंच नवरा-बायको. दोघंही ज्वालामुखींचे अभ्यासक. उद्रेक झाला की लोक जिथून जीव घेऊन पळतात, तिथे हे दोघं कॅमेरे घेऊन जायचे. ३ जून १९९१ला जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीच्या उतारावरून तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट खाली आला आणि त्यात ४३ माणसं गेली. हे दोघंही त्यांत होते. मागे राहिलं ते त्यांनी आयुष्यभर केलेलं चित्रण.

त्याच चित्रणातून २०२२मध्ये दोन माहितीपट तयार झाले. सारा डोसा यांचा ‘फायर ऑफ लव्ह’ आणि वेर्नर हेर्झोग यांचा ‘द फायर विदिन’. डोसांनी सांगितली ती प्रेमकथा. नवरा, बायको आणि दोघांचंही ज्याच्यावर सारखंच प्रेम तो ज्वालामुखी. हेर्झोगना त्यांच्या संसारात फारसा रस नाही. ते या जोडप्याकडे बघतात ते चित्रपट करणारी माणसं म्हणून. सुरुवातीचं त्यांचं अवघडलेलं चित्रीकरण पुढे कसं धीट आणि देखणं होत गेलं, हे ते दाखवत जातात, आणि बऱ्याचदा स्वतः गप्प बसून नुसता लाव्हा वाहू देतात. माणसं तीच, त्यांच्या डोक्यावरच्या लाल टोप्याही त्याच, पण एक बघून झाल्यावर दुसरा लावलात तर वेगळीच माणसं भेटल्यासारखं वाटतं. मला स्वतःला हेर्झोगचा जास्त आवडतो. तुम्ही मात्र दोन्ही बघा, आणि शक्यतो लागोपाठ.

वाचनालयाचा खरा उपयोग इथे होतो. घरच्या पडद्यावर एक माहितीपट संपला की पुढचा कोणता समोर यावा, हे तुमच्या आधीच्या आवडीवरून ठरतं. वाचनालयात शेजार ठरतो विषयावरून. अनेक वाचनालयांत ड्यूई दशांश पद्धतीने वर्गीकरण केलेलं असतं. त्यात ज्वालामुखींचा क्रमांक ५५१.२१ आणि मधमाशीपालनाचा ६३८.१. काही ठिकाणी माहितीपट त्या त्या विषयाच्या पुस्तकांतच ठेवतात, काही ठिकाणी डिस्कांचा वेगळा विभाग असतो. वेगळा असला तरी संगणकावरच्या सूचीत नुसता विषय टाकून शोधा, पुस्तकं आणि माहितीपट एकत्र सापडतील. माझा आग्रह आहे की माहितीपट एकटा आणूच नये. त्याच विषयावरचं एखादं पुस्तक बरोबर आणावं. दीड तासात न मावलेलं बरंच काही पुस्तकात असतं.

मधमाश्यांचा विषय निघालाच आहे, तर २०१९चा ‘हनीलँड’ जरूर शोधा. उत्तर मॅसिडोनियातल्या डोंगराळ, जवळजवळ ओस पडलेल्या गावात हातिजे नावाची बाई म्हाताऱ्या आईसोबत राहते आणि रानमधमाश्यांचा मध काढते. अर्धा आपल्याला, अर्धा माश्यांना, हा तिचा नियम. शेजारी एक मोठं कुटुंब राहायला येतं, त्यांना झटपट पैसा हवा असतो, आणि तो नियम मोडतो. तीन वर्षं चित्रीकरण चाललं, ४०० तासांच्या आसपास चित्रण जमलं. गंमत म्हणजे हातिजे जी जुनी तुर्की बोली बोलते, ती दिग्दर्शकांना येत नव्हती, त्यामुळे सुरुवातीचं संकलन आवाज बंद ठेवून, नुसत्या दृश्यांवरून झालं. बघताना तुम्हीही काही मिनिटं आवाज बंद करून पाहा, काही अडत नाही.

जुन्या चित्रणावर किती हात चालवावा, याबद्दल माहितीपट करणाऱ्यांतच मतभेद आहेत. पीटर जॅक्सन यांच्या २०१८च्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’मध्ये पहिल्या महायुद्धाचं कृष्णधवल चित्रण रंगीत केलं आहे. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांमुळे सैनिक तुरुतुरु पळताना दिसायचे, तो वेग सुधारला आहे. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून सैनिकांचे शब्द ओळखून घेतले आणि नटांकडून ते बोलून घेतले. ते सैनिक आपल्यासमोर उभे राहिल्यासारखे वाटतात. अंगावर काटा येतो, पण तो चिखल नेमका त्या रंगाचा होता का, हा प्रश्नही मनातून जात नाही. टॉड डग्लस मिलर यांचा २०१९चा ‘अपोलो ११’ अगदी उलट्या वाटेने जातो. निवेदक नाही, आज घेतलेली एकही मुलाखत नाही. अभिलेखागारात पडून राहिलेली मोठ्या फिल्मवरची रिळं आणि त्या मोहिमेचं ११,००० तासांचं ध्वनिमुद्रण, यांतून सगळं उभं केलं आहे. चंद्रावर माणसं सुखरूप उतरली हे माहीत असूनही छाती धडधडते.

कधी कधी ज्यांच्यावर माहितीपट केला, तीच माणसं तक्रार करतात. ‘रायटिंग विथ फायर’च्या बाबतीत तसंच झालं. बुंदेलखंडातल्या महिलांनी चालवलेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्रावरचा, रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा हा २०२१चा माहितीपट. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. मग मार्च २०२२मध्ये खुद्द ‘खबर लहरिया’नेच जाहीर निवेदन काढलं. चित्रपट प्रभावी आहे, पण आमचं सारं लक्ष एकाच राजकीय पक्षाच्या बातम्यांवर असतं असं जे चित्र उभं राहतं ते बरोबर नाही, असा त्याचा आशय होता. माझ्या मते यामुळे माहितीपटाची किंमत कमी होत नाही. हातात मोबाइल धरून खाणीत, पोलीस ठाण्यात, सभेत शिरणाऱ्या त्या बायका बघण्यासारख्याच आहेत. फक्त ते निवेदनही वाचा.

एक माहितीपट सांगताना थोडा सावध होतो. मस्तिस्लाव चेर्नोव यांचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’. युक्रेनमधल्या वेढलेल्या शहरात पत्रकारांनी केलेलं चित्रण आहे, २०२४मध्ये ऑस्कर मिळालं. लहान मुलं जवळ असताना लावू नका, आणि रात्री झोपण्याआधी तर नकोच.

आता थोडं व्यवहाराचं. डिस्क घेताना खोका उघडून बघा. आत डीव्हीडी आहे की ब्लू-रे? डीव्हीडीच्या प्लेयरवर ब्लू-रे चालत नाही, ब्लू-रेच्या प्लेयरवर डीव्हीडी चालते. परदेशी डिस्कवर बऱ्याचदा जगाच्या विभागाची खूण असते, डीव्हीडीवर आकडा आणि ब्लू-रेवर अक्षर, ती आपल्या प्लेयरशी जुळते का तेही पाहा. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल फिरवून नाही. आणि डिस्कवर दिग्दर्शकाचं भाष्य किंवा वगळलेली दृश्यं असतील तर ती चुकवू नका. काय कापलं आणि का, हे तिथेच कळतं. काही वाचनालयं सभासदांना कानोपीसारख्या सेवेवरून घरबसल्याही माहितीपट बघू देतात, तेव्हा चौकशी जरूर करा. मात्र घरी नेलेली डिस्क मंडळाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात लावायची असेल, तर जाहीर प्रदर्शनाची वेगळी परवानगी लागते.

अगदी नवा माहितीपट मागितलात तर कदाचित मिळणार नाही. आधी महोत्सव, मग चित्रपटगृह किंवा दूरचित्रवाणी, आणि डिस्क सगळ्यात शेवटी. ऑनलाइन कंपन्यांनी काढलेले कितीतरी तर डिस्कवर येतच नाहीत. आलेला असून वाचनालयात नसेल, तर खरेदीसाठी सुचवा. बऱ्याच वाचनालयांत त्यासाठी वही किंवा अर्ज असतो. त्यात नुसतं नाव लिहू नका, दिग्दर्शक आणि वर्षही लिहा. नावात ‘फायर’ असलेले तीन तर आजच्या या एवढ्याशा गप्पांतच आले.

नमस्कार.