युद्धात नेत्याने गप्प राहावं, पण थापा मारू नयेत

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय, की आता उत्तर दिल्याशिवाय माझी सुटका नाही. "युद्ध चालू असताना लोकांनी नेत्यांकडून काय अपेक्षा ठेवायची?" आणि त्याखाली लगेच कुणीतरी लिहिणारच: "काही नाही, तोंड बंद ठेवायचं."

आधी सरळ गोष्टी उरकतो. लढतोय कशासाठी आणि थांबणार कुठे, हे नेत्याला सांगता यावं. सैनिकांना रसद वेळेवर मिळावी, शहिदांच्या घरच्यांची आबाळ होऊ नये, युद्धकैद्यांना नियमाने वागवावं, विरोधी पक्षाला विश्वासात घ्यावं. यावर वाद नसावा. पुढे.

गाडी अडते ती एका ठिकाणी. गुपित वेगळं आणि थाप वेगळी. मी "नेत्याने खरं बोलावं" म्हटलं की कॉमेंट येते, "मग काय, हल्ल्याची वेळ पेपरात छापायची?" अहो, असं कोण म्हणतंय?

6 जून 1944 घ्या. दोस्त राष्ट्रांचं (ब्रिटन, अमेरिका वगैरे) सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरणार, हे आधी लोकांना सांगितलं नव्हतं. उलट आम्ही फ्रान्समध्येच दुसरीकडे, कॅलेच्या बाजूला उतरणार, असा देखावा उभा केला, त्यासाठी खोटं सैन्यसुद्धा दाखवलं. फसवणूक? शंभर टक्के. पण कुणाची? हिटलरची. आणि सैन्य उतरलं त्याच दिवशी ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल याने संसदेत उभं राहून ते जाहीर केलं. काम झालं, गुपित संपलं.

आता त्याच चर्चिलची दुसरी गोष्ट. 17 जून 1940. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ 'लँकास्ट्रिया' नावाचं ब्रिटिश जहाज जर्मन विमानांनी बुडवलं. हजारो माणसं गेली. चर्चिलने बातमी दाबली. का, तर आजच्यापुरत्या वाईट बातम्या पेपरांकडे पुरेशा आहेत! अरे, बॉम्ब टाकणाऱ्याला माहीत होतं ना जहाज बुडालं ते? मग लपवलं कुणापासून? घरी वाट बघत बसलेल्या बायकामुलांपासून. बातमी फुटली ती पाचेक आठवड्यांनी, तीही आधी अमेरिकेत. चर्चिलने पुढे स्वतः लिहिलंय, की बंदी थोड्या दिवसांत उठवायची होती, पण विसरलो. विसरलो!

माझी चिडचिड होते ती यासाठी, की याच माणसाने दोनच आठवडे आधी नेमकं उलट वागून दाखवलं होतं. जर्मनांनी कोंडलेले सुमारे 3,38,000 सैनिक फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून सुखरूप निघाले, सगळीकडे आनंदीआनंद. 4 जूनला हा गडी संसदेत म्हणाला, माघार घेऊन युद्धं जिंकली जात नाहीत. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून 30,000 हून जास्त, तोफा जवळपास 1,000 गेल्या, असा हिशेबच मांडला. लोक खचले का? नाही खचले.

थांबा, स्वतःचंही सांगतो. एका व्हिडिओत माझी तारीख चुकली होती. एकाने दाखवून दिलं, मी गुपचूप ती कॉमेंट उडवली. मग दुसऱ्याने लिहिलं, तीही उडवली. मनाची समजूत काय घातली? "प्रेक्षकांचा गोंधळ नको." गोंधळ बिंधळ काही नाही, माझं नाक कापलं जात होतं. शेवटी चूक कबूल करून ती कॉमेंट वर लावून ठेवली. साधं चॅनेल चालवताना ही तऱ्हा, तर देश चालवणाऱ्याला किती मोह होत असेल!

अजूनही पटत नसेल तर 4 ऑगस्ट 1964 बघा. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आमच्या जहाजांवर दुसरा हल्ला झाला, असं अमेरिकन सरकारने सांगितलं. असा हल्ला झालाच नव्हता. आता म्हणाल, अंधारात चूक होते. होते ना! पण खात्री वाटत नाही, असा संदेश त्याच दिवशी तिथल्या अधिकाऱ्याने पाठवला होता. अमेरिकेच्या संसदेसमोर, म्हणजे तिथल्या काँग्रेससमोर, ती शंका गेली नाही, गेली ती खात्री. तीन दिवसांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला व्हिएतनाममध्ये लढायला मोकळा हात मिळाला. एका सभागृहात 416 विरुद्ध 0, दुसऱ्यात 88 विरुद्ध 2. हे गुपित शत्रूसाठी होतं का? व्हिएतनामींना पक्कं ठाऊक होतं, की आपण त्या रात्री हल्ला केलेला नाही.

म्हणजे लँकास्ट्रिया आणि टोंकिन, दोन्हीकडे मी एकच विचारतोय: शत्रूला आधीच माहीत असलेली गोष्ट माझ्यापासून का लपवताय?

आणि हो, "युद्धात प्रश्न विचारले की मनोबल खचतं" म्हणणाऱ्यांनो, मे 1940 मध्ये नॉर्वेच्या मोहिमेवरून ब्रिटिश संसदेने तेव्हाचा पंतप्रधान चेंबरलेन याला दोन दिवस सोलून काढलं. ठराव तो 81 मतांनी जिंकला, तरी त्याला जावं लागलं. हिटलर पश्चिमेकडे निघाला त्याच 10 मेला ब्रिटनला नवा पंतप्रधान मिळाला. कोण? हाच आपला चर्चिल.

एकाने विचारलंय, "चूक कबूल करणारा एक तरी दाखवा." आयझेनहॉवर. तेव्हा नॉर्मंडी मोहिमेचा सेनापती, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. नॉर्मंडीच्या आदल्या दिवशीच त्याने मोहीम फसली तर काय सांगायचं ते लिहून पाकिटात ठेवलं होतं: सैन्याने शिकस्त केली, दोष असेल तर एकट्या माझा. चिठ्ठी वापरायची वेळच आली नाही. घाईत तारीख मात्र चुकलीये, जूनऐवजी जुलै लिहिलंय. तेवढं वाचून मला जरा बरं वाटलं.