हातोडा एकाच जागी पडतो

श्रोतेहो, नमस्कार.

संत्र्याचा हंगाम सुरू असला की नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये एखाद्या हमालाकडे नीट बघा. पेटी उचलण्याआधी तो पाय जरा फाकवतो, पेटी मांडीला टेकवतो आणि मग एका झोक्यात खांद्यावर घेतो. त्या झोक्यात कंबरेवर किती भार आला? दिवसाच्या शंभराव्या पेटीला झोका बदलतो का? असे प्रश्न विचारणं हा काही लोकांचा पगारी उद्योग आहे. त्यांच्या शास्त्राला किनेसिऑलॉजी म्हणतात. शरीराच्या हालचालीचं शास्त्र. या विषयात संशोधनाला आणि शिकवायला कुठे वाव आहे, त्याबद्दल आज बोलू.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९६७ साली किनेसिऑलॉजीचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे अशी पाटी सहसा सापडत नाही. हा विषय आपल्याकडे दोन घरांत राहतो. एक घर शारीरिक शिक्षणाचं, म्हणजे बी.पी.एड., एम.पी.एड. दुसरं फिजिओथेरपीचं, म्हणजे बी.पी.टी.एच. आणि एम.पी.टी.एच. नागपुरात ही दोन्ही घरं आहेत. तेव्हा 'किनेसिऑलॉजी डिपार्टमेंट कुठे आहे' असं विचारत फिरू नका. तिथले मार्गदर्शक कोण आणि ते कशावर काम करतात, ते विचारा.

जाता जाता एक बोलून घेतो. आपल्या ग्रंथालयांतून 'कबड्डी व खो-खो खेळाडूंच्या अमुक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास' या साच्याचे प्रबंध इतके झाले आहेत की आता ती 'अमुक'ची जागा रिकामी सोडून कव्हरं छापून ठेवली तरी चालेल. कबड्डीवर माझा राग नाही. प्रश्नाविना केलेल्या मोजमापावर आहे. आणि प्रश्न म्हणजे काय, हे ज्या गोष्टीतून कळतं ती आता सांगतो.

साल १९२२. मॉस्कोत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करणारी एक संस्था होती, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर. तिचे प्रमुख अलेक्सेई गास्तेव्ह हे कवी, आणि स्वतः धातुकाम केलेले. हातोडा मारण्याची एकच सर्वात चांगली पद्धत असणार, ती शोधायची आणि लाखो नवशिक्यांना तीच शिकवायची, असा त्यांचा ध्यास. या संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन नावाचा तरुण डॉक्टर दाखल झाला. १८९६ चा जन्म, म्हणजे वय जेमतेम सव्वीस. त्याच्या वाट्याला आलं छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगाराच्या हाताची हालचाल मोजण्याचं काम.

त्याने काय केलं, ऐका. कामगाराच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोड्याला छोटे विजेचे दिवे बांधले. कॅमेऱ्याची काच उघडी ठेवली आणि तिच्यासमोर खाचा पाडलेली चकती फिरत ठेवली. खाच समोर आली की उजेड आत, सरली की अंधार. त्यामुळे फोटोत हात दिसेना, दिसल्या नुसत्या ठिपक्यांच्या रांगा. ठिपके दूर दूर पडले तिथे हात वेगात, खेटून पडले तिथे हात सावकाश. चकतीचा वेग ठाऊक, म्हणून दोन ठिपक्यांमधला वेळ ठाऊक. कामगार मात्र नवशिके घेतले नव्हते. आयुष्यभर हातोडा मारलेले, न बघता छिन्नीच्या डोक्यावर घाव घालणारे घेतले होते.

आता तुम्हीच सांगा, असा मुरलेला माणूस शंभर घाव घालतो तेव्हा त्याचा खांदा, कोपर, मनगट शंभर वेळा एकाच वाटेने जात असतील की नाही? सगळ्यांना वाटत होतं, जाणारच. सराव म्हणजे दुसरं काय! पण फोटो उलटंच सांगत होते. दर घावाला कोपराची वाट निराळी, खांद्याची निराळी, मनगटाची निराळी. एक घाव दुसऱ्यासारखा नाही. आणि हातोडा? तो मात्र दरवेळी छिन्नीच्या डोक्यावरच! पुन्हा सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. सांधे दर वेळी वेगळे चालतात, पण हातोडा एकाच जागी पडतो.

हे कसं होतं? खांदा जरा पुढे गेला तर कोपर जरा मागे राहतं. कोपर चुकलं तर मनगट सावरून घेतं. हे सांधे एकमेकांच्या चुका झाकतात, जुन्या एकत्र कुटुंबासारखे. म्हणजे मेंदू एकच हालचाल पाठ करत नाही. तो दर खेपेला तोच प्रश्न नव्याने सोडवतो. बर्नस्टाइनने सरावाला नाव दिलं, 'पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती'. तुमच्या घरात पोळ्या लाटणारा हात बघा. कणीक कधी सैल, कधी घट्ट, पोळपाट कधी डुगडुगता, तरी पोळी गोल. तिथेही तेच चाललेलं असतं.

बघा, जी 'एकच पद्धत' शोधायला संस्था काढली होती, ती नाहीच असं दिव्यांनी दाखवलं. पुढे १९४८ मध्ये बर्नस्टाइनला स्टॅलिन पारितोषिक मिळालं. दोनेक वर्षांतच वारं फिरलं. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हच्या मताबाहेर जाणाऱ्यांवर गदा आली आणि त्याची प्रयोगशाळा गेली. १९६६ मध्ये तो वारला. त्याच्या लेखांचं इंग्रजी पुस्तक निघालं १९६७ मध्ये, म्हणजे वॉटर्लूचा विभाग निघाला त्याच वर्षी.

तर श्रोतेहो, दिवे, चकती आणि कॅमेरा, एवढीच सामग्री होती. आपल्याकडे 'लॅबमध्ये मोशन कॅप्चर, म्हणजे हालचाल टिपणारी यंत्रणा, नाही हो' हे रडगाणं फार ऐकू येतं. तुमच्या खिशातला फोन स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल तर जागच्या जागी वर मारलेली उडी मोजता येते. कशी, ते सांगतो. फोन तिवईवर, जमिनीलगत, उडी मारणाऱ्याच्या पायांसमोर. बोटं जमीन सोडतात ती फ्रेम आणि पुन्हा टेकतात ती फ्रेम शोधा. मधल्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. उत्तर सेकंदात येईल. त्याचा वर्ग करा, १२२.६ ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये मिळेल. १२० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे उडी ३०.७ सेंटिमीटर.

इथे फसगत तीन जागी होते. पहिली, साध्या व्हिडिओची. तो सेकंदाला ३० फ्रेमच घेतो. एक फ्रेम चुकली की उडी चार सेंटिमीटरने फुगते. २४० ला तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरची. आठ आठवड्यांच्या सरावाने उडी दोन-चार सेंटिमीटर वाढली तरी पुष्कळ, तेव्हा ३० फ्रेमवर तुम्ही सराव मोजत नसता, स्वतःची चूक मोजत असता. दुसरी, गुडघे दुमडून उतरणारा खेळाडू. तो हवेत जास्त वेळ दिसतो आणि उडी खोटी वाढते. पाय सरळ ठेवूनच टेकायला सांगा, नाहीतर ती उडी बाद. तिसरी, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवणं. तिथे तो दाबला जातो आणि फ्रेम हरवतात. वायर लावून कॉपी करा.

आणि चौथी फसगत खास नागपूरची, ती म्हणजे ऊन. फेब्रुवारीत प्री-टेस्ट, एप्रिलअखेर पोस्ट-टेस्ट, मध्ये धावण्याचा सराव. वेळ वाढलेली दिसते, आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो की सरावाचा उपयोग झाला नाही. अहो, पारा केवढा चढलाय! सराव न करणारा दुसरा गट ठेवा, दोन्ही चाचण्या सकाळी सहालाच घ्या, तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा. सांध्यांवर चिकटवलेल्या खुणा घामाने निघतात, म्हणून आधी स्पिरिटने त्वचा पुसून कोरडी करा.

आता शिकवण्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं. हे तास मागून घ्या. गोनिओमीटरचं, म्हणजे सांध्याचा कोन मोजणाऱ्या दोन दांड्यांच्या साधनाचं, प्रात्यक्षिक घेऊन बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर मध्य, एक दांडी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाकडे, दुसरी घोट्याकडे. वाचणारा वेगळा आणि धरणारा वेगळा ठेवा. धरणाऱ्याला आकडा दिसला की तो पुढच्या वेळी नकळत त्याच आकड्याला येऊन थांबतो.

नोकरीसाठी नेट किंवा सेट, या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. शारीरिक शिक्षणाच्या नेटमध्ये किनेसिऑलॉजी आणि बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराचं यांत्रिकी, हा भाग आहेच. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला वजावट नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ती नसेल तर अनेकांना तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. मानधन थोडं आणि तेही उशिरा. ज्या कामाला वर्षभराची घडी लागते ते तासावर मोजणं मला कधीच पटलेलं नाही. असो.

नमुन्यात १८ वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचाही होकार, दोन्ही लागतात. सरावाचा किंवा उपचाराचा परिणाम तपासायचा असेल तर नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत, नोंदणी करा. नोंदणी फुकट आहे, पण पहिला माणूस घेण्याआधी व्हायला हवी. नंतर ती होत नाही, आणि दोन वर्षांचा डेटा हातात घेऊन बसावं लागतं.

मार्गदर्शकाला भेटण्याआधी एवढं विचारा, जागा रिकामी आहे का. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४, याहून जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत. जागा असेल तर जाताना एकच कागद न्या. वर तुमचा प्रश्न एका वाक्यात, खाली पाच जणांवर स्वतः घेतलेली मोजमापं, प्रत्येकाची तीन-तीन वेळा, खाडाखोडीसकट.

नमस्कार.