खंय भायर सरल्यात?

(पहाट. वाड्यावरची वाट. दुरून सायकलचा भोंगा.)

पों... पों-पों...

हा आवाज कसला, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, आला. एके काळी त्याच्या हातात खुळखुळ वाजणारी बांबूची काठी असायची, आता सायकलच्या हँडलला रबरी भोंगा आहे. काम तेच. तोंडातून एक शब्द न काढता त्याने अख्ख्या वाड्याला निरोप पोचवला: पाव गरम आहे, पैसे घेऊन दारात या.

खरं तर व्यवहार इथेच संपायला हवा. पण बघा. पाटल्यावरचं, म्हणजे टोपलीवरचं, निळं प्लास्टिक बाजूला होतं, पोळ्या (हे इथले पावच) मोजल्या जातात आणि दारातली बाई विचारते, "काल खंय उरलो रे?"

"पावस न्हय गो बाये!"

काल कुठे राहिलास? अगं बाई, पाऊस नव्हता का! पाऊस होता, हे तिला ठाऊक आहे. तीही त्याच पावसात होती. तरी तिने विचारलं आणि त्याने सांगितलं.

(बाजाराकडे जाणारा रस्ता. समोरासमोर आलेली दोन माणसं.)

"खंय भायर सरल्यात?"

"हांगाच."

कुठे निघालात? इथेच. या उत्तरातून काडीचीही माहिती मिळत नाही. तरी विचारणाऱ्याचं समाधान झालं, सांगणाऱ्यालाही बरं वाटलं आणि दोघे आपापल्या वाटेला लागले. उद्या मान खाली घालून कुणी न विचारता गेला, तर मात्र संध्याकाळपर्यंत चर्चा: त्याचं काहीतरी बिनसलंय.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा पोलिश मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथेही माणसं असंच बोलत होती. हवेबद्दल, डोळ्यांना दिसतच असलेल्या गोष्टींबद्दल. १९२३ साली त्याने या बोलण्याला एक नाव दिलं, 'फॅटिक कम्युनियन'. नाव जड आहे, सांगणं सोपं: असं बोलणं विचार पोचवण्यासाठी नसतंच, माणूस माणसाशी बांधलेला राहावा म्हणून असतं. गप्प बसलेला परका माणूस त्याच्या मते आपल्याला नुसता गप्प वाटत नाही, त्याची भीती वाटते. आपल्याकडे बसमध्ये शेजारी बसलेल्याला "खंयचे तुमी?" विचारल्याशिवाय चैन पडत नाही, ते काही नुसत्या भोचकपणामुळे नव्हे. थोडा भोचकपणा असतोच म्हणा.

(बाल्कांव, घरापुढची बसायची जागा. समोरासमोरच्या सोप्यांवर बसलेली म्हातारी माणसं.)

यांच्या गप्पा नीट ऐका. एकाचं वाक्य संपतं ना संपतं तोच दुसऱ्याचं सुरू. २००९ साली संशोधकांनी जगातल्या दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजली. जपानी सगळ्यांत उतावीळ निघाले, डॅनिश सगळ्यांत सावकाश. पण सगळ्यांचा मेळ घातला तर दोन बोलण्यांमधली फट साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आणि समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलाही माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात! याचा अर्थ, तुमचं वाक्य अर्ध्यावर असतानाच माझं उत्तर आत जुळायला लागलेलं असतं. नवऱ्याने ऐकून न घेताच उत्तर दिलं ही घरोघरची तक्रार. आता तिला शास्त्राचा थोडा आधार आहे.

(देवळाचा गाभारा. समई. मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्या.)

आता एक वेगळं संभाषण. लग्न ठरवायचं आहे, जमीन घ्यायची आहे, आजार हटत नाही. माणूस देवाला कौल लावतो. मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

१९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेश मोजायचं गणित मांडलं. त्यातलं सगळ्यांत लहान माप म्हणजे 'बिट': दोनांपैकी एक. हो किंवा नाही. गाभाऱ्यातली पाकळी पडते तेव्हा नेमका एक बिट खाली येतो. त्या बिटचा अर्थ काय, याच्याशी आपल्या गणिताला देणंघेणं नाही, हे शॅननने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. लग्न जुळलं की मोडलं, हे ज्याचं त्याने बघावं.

पण त्या एका बिटच्या आधी काय होतं? गाऱ्हाणं. उत्तर गोव्यात, पेडण्याकडे ते ऐकावं. गाऱ्हाणं घालणारा देवाला सगळं सांगतो, घरातली माणसं, त्यांची अडचण, झाली असेल ती चूक, आणि भोवतालचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. देव तर सर्वज्ञ. मग त्याला हे सगळं परत कशाला सांगायचं? मला वाटतं, गाऱ्हाणं जेवढं देवासाठी, तेवढंच "व्हय" म्हणणाऱ्यांसाठी असतं. एकाची अडचण तेवढ्या वेळात सगळ्यांची होते.

(जुने चर्च, नदीकाठ.)

बोली आणि माणसं यांचं हे नातं राज्यकर्त्यांना नेमकं कळत असावं. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला: कोंकणी सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोला. कागदावर हुकूम चालला. बावीवर, म्हणजे विहिरीवर, नाही चालला. त्याच्याही आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने रायतूरला ख्रिस्ताची कथा छापली, ती मराठी ओव्यांत. लोकांचे कान पुराणाला सरावलेले आहेत, हे त्याने ओळखलं होतं. आजही आमच्या घरात भांडण कोंकणीत होतं, आरती मराठीत, आणि बँकेचा फॉर्म इंग्रजीत. कुणी ठरवलेलं नाही.

(दाट रान. रेडिओची खरखर.)

२५ नोव्हेंबर १९५५. गोव्याच्या सीमेपलीकडच्या रानातून एक आवाज हवेत गेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचं पोर्तुगीज राजवटीविरुद्धचं गुप्त रेडिओ केंद्र, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. गोव्यातल्या छापील शब्दावर तेव्हा सेन्सॉरची कात्री होती. हे दोघे जवळजवळ सहा वर्षं बोलत राहिले. रानात बसून. पलीकडे कोण ऐकतंय, "व्हय" कोण म्हणतंय, हे त्यांच्या कानांवर येण्याची सोय नव्हती. गोवा मुक्त झाल्यावर डिसेंबर १९६१ मध्ये दोघे लाउडस्पीकर लावलेल्या विमानातून गोव्यावर फिरले आणि ती बातमी आकाशातून सांगितली. खाली ती बऱ्याच जणांना आधीच कळलेली असणार. तरी सांगायलाच हवी होती.

(मोबाइलचा पडदा. जास्वंदीचं चित्र, वर 'शुभ सकाळ'.)

माझी मावशी रोज सकाळी सहाला असं एक चित्र पाठवते. मी कित्येक महिने ती न उघडताच पुसत आलो, खोटं कशाला बोलू. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी चित्र आलं नाही. सात वाजले, आठ वाजले. मी फोन लावला.

"नेट पॅक सोंपला रे," ती म्हणाली. "जेवलो मरे तूं?"

सकाळचे सव्वाआठ वाजले होते.