नाकानं ओळखायचे कंद

मंडळी, अमॉर्फोफॅलस हे नाव जड वाटत असेल तर सुरण आठवा. त्याचीच ही प्रजाती, सुमारे दोनशे जातींची. परदेशी कंद जमवणाऱ्यांना ती वेड लावते आणि छळतेही. कंदावरून जात ओळखणं जवळपास अशक्य. पान येतं ते एकच, ठिपक्याठिपक्यांच्या दांड्यावर छत्रीसारखं पसरलेलं, आणि कितीतरी जातींत ते सारखंच दिसतं. त्यातून बऱ्याच जातींत फूल येतं तेव्हा पान नसतं, आणि पान येईपर्यंत फूल सुकून गेलेलं असतं. म्हणजे दोन्ही पुरावे एकाच वेळी हातात पडत नाहीत.

मग नाक कामाला येतं. कोंजॅक या जातीच्या फुलाला मेलेल्या उंदराचा वास येतो. तो डायमिथाइल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड अशा गंधकाच्या संयुगांचा. एलाटस या जातीत आयसोकॅप्रोइक आम्ल असतं, त्यामुळे तिचा वास जुन्या चीजसारखा. ब्रॅकीफिलसमध्ये ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे थेट सडकी मासळी. डनी या जातीला किसलेल्या गाजराचा वास येतो, आणि अल्बिस्पाथस तर चक्क बडीशेपेसारखी. सगळीच फुलं घाण वासाची, हा समज इथेच मोडतो.

पण वास कुणासाठी असतो? आपल्यासाठी नव्हे, माश्या आणि भुंगेऱ्यांसाठी. सार्डिनिया-कोर्सिकाकडे हेलिकोडायसेरॉस नावाची एक कंदवर्गीय वनस्पती आहे, याच कुळातली. तिच्या फुलाचा आणि खऱ्याखुऱ्या कलेवराचा वास माश्यांच्या स्पर्शिकांना देऊन पाहिला, तर प्रतिसाद जवळपास एकसारखा आला. हे संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. माशी फसते, तिथे आपण 'हा घाण वास' म्हणून मोकळे होतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. कोंजॅक म्हणून आणलेल्या कंदाला पहिल्यांदा फूल आलं. ते उमललं त्या दिवशी मी गावाला होतो, परतलो दुसऱ्या दिवशी सकाळी. जवळ गेलो, अगदी नाक टेकवलं, तरी फारसं काही नाही. विकणाऱ्यानं फसवलं असं ठरवून मी नावाची पाटी उपटून टाकली. पुढच्या वर्षी फूल उमललं त्या संध्याकाळी मी घरीच होतो. दार उघडलं आणि कळलं, पाटी खरी होती!

झालं असं, की या फुलांचं वेळापत्रक असतं. मधल्या दांड्यावर, म्हणजे स्थूलकणिशावर, खाली मादीफुलं आणि त्यांच्या वर नरफुलं असतात. आधी मादीफुलं तयार होतात आणि वास तेव्हाच सर्वांत जोरात. नरफुलांतून पराग पडू लागतात तोवर वास ओसरलेला असतो. शिवाय या कुळातल्या अनेक जातींत दांड्याचा वरचा भाग तापतो, त्या उष्णतेनं वास हवेत उधळला जातो. सुमात्रातल्या टायटनम या अमॉर्फोफॅलसच्या जातीत दांड्याचं टोक तर आपल्या अंगाइतकं गरम होतं. म्हणून 'वास नाही' ही नोंद वेळ लिहिल्याशिवाय निरर्थक आहे.

आता याच कुळातली दुसरी प्रजाती, ड्रॅकुन्क्युलस. या प्रजातीत दोनच जाती: भूमध्य समुद्राकाठची व्हल्गारिस आणि कॅनरी बेटं-मदेरा इथली कॅनेरिएन्सिस. पानं सारखीच, बोटं फाकल्यासारखी. फुलल्यावर मात्र व्हल्गारिस सडक्या मांसासारखी दुर्गंधते आणि कॅनेरिएन्सिसला फळासारखा वास येतो. खरं तर इथे डोळेही पुरतात, एक गर्द जांभळी तर दुसरी फिकट. पण अंधार पडल्यावर कुंड्यांची अदलाबदल झाली असेल तर नाकच सोडवतं.

हुंगायची रीतही आहे. दूरवरून एक श्वास, मग जवळून एक, मग बाजूला व्हायचं. सतत हुंगलं तर काही मिनिटांत नाक बधिर होतं. मनात आलेली पहिली उपमा लगेच लिहायची, पाटीवरचं नाव वाचायच्या आधी. 'घाण' लिहू नका. उंदीर, चीज, शेण, मासळी, जे आठवलं ते लिहा. आणि वासावरून जात नक्की करायची घाई नको, आधी ती बाद करायला शिका. पहिल्या संध्याकाळी गाजराचा वास आला, तर तो कोंजॅक नाही एवढं ठाम म्हणता येतं. डनीच आहे का, ते महाछदाचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या पानासारख्या आवरणाचा, आकार आणि दांड्याचं टोक बघून ठरवायचं.