सांचो हवेत असताना

श्रोतेहो, नमस्कार. स्पॅनिश लेखक मिगेल दे सर्व्हान्तेस यांच्या ‘दोन किहोते’ (म्हणजेच ‘डॉन क्विक्झोट’) या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली माद्रिदमध्ये छापला गेला. त्यातल्या सतराव्या प्रकरणातील एका प्रसंगाच्या कोरीव चित्रांविषयी आज मी बोलणार आहे.

सराईला किल्ला समजणारा दोन किहोते, भटक्या सरदारांना मुक्कामाचे पैसे द्यावे लागत नाहीत, असे सांगून निघून जातो. त्याचा सेवक सांचो पांझा तोच नियम पुढे करतो, तेव्हा सेगोव्हिया, कोर्दोबा आणि सेव्हिया येथले नऊ थट्टेखोर त्याला घोंगडीत घालून उडवू लागतात. आत छत आड येते, म्हणून ते परसात जातात. सांचोच्या आरोळ्या ऐकून परतलेला धनी घोड्यावरून कुंपणाच्या भिंतीपलीकडे पाहतो. पण आधीच्या माराने तो इतका खिळखिळा झालेला असतो, की भिंतीवर चढणे दूरच, त्याला घोड्यावरून उतरताही येत नाही. रागाने अडवले नसते तर तोही हसला असता, असे कथनकार म्हणतो.

शब्दांत सांचो वर जातो, खाली येतो. चित्रकाराला मात्र एकच क्षण मिळतो. माझ्या मते खरा पेच सांचोभोवतीच्या मोकळ्या आभाळाचा आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ शाई धरते आणि काळी उमटते, त्यामुळे कोरे आभाळ हवे असेल तर कारागिराने तिथे हात लावायचाच नसतो. लाकडी ठशात नेमके उलटे असते: कोरून काढलेला भाग पांढरा राहतो, म्हणजे कोरे आभाळ तासून काढावे लागते. शिवाय हा ठसा अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा असल्यामुळे मजकुराबरोबर एकाच दाबात छापता येतो. तांब्याच्या पत्र्याला वेगळे यंत्र लागते.

१८६३ साली पॅरिसमध्ये निघालेल्या आवृत्तीसाठी गुस्ताव्ह दोरे यांनी चित्रे काढली आणि एलिओदोर पिझां यांनी ती लाकडावर कोरली. कुंचल्याच्या प्रत्येक करड्या छटेला पिझांना बारीक रेघांच्या भाषेत उतरवावे लागले, आणि या श्रमाचे श्रेय बहुतेकदा दोरे यांच्याच नावावर जमा होते, याचे मला वाईट वाटते.

उडवणारे दमल्यावर सराईतली मोलकरीण मारितोर्नेस सांचोला पाणी आणून देते. त्याला वाइन हवी असते. ती स्वतःच्या पैशांनी आणून पाजते. हा क्षणही तितक्याच मायेने कोरलेला पाहायला मला फार आवडेल.