गायतोंडेंचं चित्र बघायचं कसं?

नमस्कार! आधी दहा सेकंद मी गप्प बसते. तुम्ही फक्त हे चित्र बघा.

(पडद्यावर गायतोंडेंचं पिवळं, उभं चित्र. आवाज नाही.)

काय दिसलं? पाण्यावरचं ऊन? पावसानं ओल आलेली भिंत? चित्रकारानं मदतीला नावसुद्धा ठेवलेलं नाही. वासुदेव गायतोंडे यांची बहुतेक चित्रं अशीच, 'शीर्षकहीन'.

जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं. वाढले गिरगावातल्या चाळीत, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसं, आकृत्या काढायचे, लघुचित्रांचा अभ्यास करायचे. मग युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले याची चित्रं भेटली आणि हळूहळू आकृती गळून पडली. उरला रंग आणि प्रकाश. लोक त्यांना अमूर्त चित्रकार म्हणायचे. त्यांना तो शब्द पटत नसे. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसलं, असा अर्थ निघतो. आपलं चित्र 'वस्तुनिरपेक्ष' आहे, म्हणजे ते कुठल्याही वस्तूवरून आलेलंच नाही, असं ते सांगायचे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण मग चित्रात डोंगर किंवा चेहरा शोधायची गरजच उरत नाही.

आता हे बनतं कसं, ते बघू. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, जास्त. तैलरंगाचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा. मध्येच खरवडायचं, म्हणजे खालचा रंग वर डोकावतो. कधी मासिकाचा किंवा वर्तमानपत्राचा फाडलेला कागद ओल्या रंगावर दाबून उचलायचा. त्याचा ठसा मागे राहतो. या खुणा अपघातानं पडल्यासारख्या दिसतात, पण कुठली ठेवायची आणि कुठली बुजवायची, हे तेच ठरवत. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास व्हायचे. बाकीचा वेळ? बसून राहणं. बघत राहणं. झेन हा ध्यानावर भर देणारा बौद्ध विचार आणि मुंबईतले अद्वैत गुरू निसर्गदत्त महाराज त्यांना जवळचे होते. आणि हे बसणं त्यांच्या लेखी कामच होतं.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एकांतात मुक्काम. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि त्यानंतर मोठे कॅनव्हास बराच काळ थांबले; त्या दिवसांत त्यांनी कागदावर शाईनं छोटी चित्रं केली. २००१ मध्ये ते गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांना ते आठवले. ही गोष्ट मला लागते.

मुंबईत प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं, तर जरूर जा. आधी लांबून बघा, मग बाजूला सरकून तिरकं बघा. खालच्या थरातला रंग कुठून उजळतोय ते शोधा. आणि फोन खिशातच राहू द्या, कारण तो उजेड फोटोत येत नाही.